बोट दाखवा, पोटभर जेवा

इंडोनेशियात पाडांगच्या पद्धतीच्या खाणावळीत गिऱ्हाईक खुर्चीवर टेकतं न टेकतं तोच वाढपी हजर होतो. त्याच्या डाव्या हातावर, तळव्यापासून कोपरापर्यंत, दहा-पंधरा बशा एकावर एक रचलेल्या असतात. थेंबही न सांडता तो त्या भराभर टेबलावर मांडतो. नारळाच्या दुधातली रसभाजी, तळलेला मासा, लाल मिरचीच्या वाटणात घोळलेली अंडी, कसाव्याचा उकडलेला पाला, हिरव्या मिरचीचं वाटण आणि सोबत वाफाळता भात. कुणी काही मागवलेलं नसतं, मेन्यूकार्डही कुणी दिलेलं नसतं. नवखा पाहुणा इथं हमखास गांगरतो. एवढं सगळं आपल्याच बिलात लागणार, या धास्तीने हात आखडता घेतो. प्रत्यक्षात पैसे द्यायचे ते फक्त हात लागलेल्या बशीचे. बशीत दोन तुकडे असले आणि एकच खाल्ला, तर एकाचेच. बाकीच्या बशा आल्या तशा परत जातात.

दीपनगरसारख्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत इंडोनेशियाचं नाव कोळशाच्या निमित्ताने कानावरून गेलेलं असतं, कारण वीज केंद्रांसाठी भारत बाहेरून जो कोळसा आणतो त्यातला सर्वात मोठा वाटा त्या देशाचा आहे. बाकीच्यांना तो देश बालीमुळे ठाऊक असतो. २०२४ मध्ये बालीला आलेल्या परदेशी पाहुण्यांत ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल भारतीय होते. सहलीतल्या मंडळींचं जेवण मात्र बहुधा ‘इंडियन रेस्टॉरंट’च्या पनीर आणि डाळीवरच उरकतं. तिथलं आपल्याला झेपणार नाही, असं आधीच ठरलेलं असतं.

हे ठरवणं घाईचं आहे. इंडोनेशियातला कामकरी माणूस रोज जिथं जेवतो, त्या स्वस्त खाणावळीच्या मुदपाकखान्यात डोकावलं तर शेंगदाणा, केळी, सोयाबीन, मिरची, चिंच आणि गूळ समोर येतात. धुळे-जळगावच्या शेतकऱ्याला यातलं काय परकं आहे? पिकं तीच, त्यांची रीत मात्र वेगळी. ही रीत समजून घेतली तर तिथं शंभर रुपयांच्या आसपास पोटभर जेवता येतं, आणि त्यातलं बरंच काही शाकाहारी माणसालाही चालतं.

छोट्या घरगुती दुकानाला किंवा खाणावळीला तिकडे ‘वारुंग’ म्हणतात. कुठं चार बाकं आणि ताडपत्री, कुठं घराच्या ओसरीतच मांडलेलं टेबल. यातला सर्वात ओळखीचा प्रकार म्हणजे ‘वार्तेग’. हे ‘वारुंग तेगाल’चं लघुरूप. तेगाल हे मध्य जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. राजधानी जकार्तात मोठमोठी बांधकामं सुरू झाली, तेव्हा तेगालकडची माणसं मजुरीला आली आणि त्यांच्या बायकांनी मजुरांसाठी भात-भाजी रांधायला सुरुवात केली, असं या खाणावळींच्या जन्माबद्दल सांगतात. आज जकार्ताच्या गल्लीगल्लीत वार्तेग आहे. खारिस्मा बहारीसारख्या साखळीच्या तर कितीतरी शाखा निघाल्या आहेत.

वार्तेगची रचना एकदा पाहिली की विसरत नाही. मधोमध काचेचं लांब कपाट आणि त्याला चिकटून लाकडी बाक. जुन्या वळणाच्या वार्तेगला दोन दारं असतात. एकीकडून गर्दी आत येते, दुसरीकडून बाहेर पडते. कपाटात पहाटेपासून रांधलेले वीस-पंचवीस पदार्थ पसरट भांड्यांत मांडलेले. परतलेली कांगकुंगची पालेभाजी, नारळाच्या दुधातली भाज्यांची पातळ आमटी ‘सायुर लोदेह’, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, म्हणजे टेंपेचे, गोड-तिखट परतलेले तुकडे, बटाट्याचं पॅटिस, लाल वाटणातली अंडी, तळलेला मासा, कोंबडी.

गिऱ्हाईक बाकावर बसतं आणि काचेवर बोट ठेवतं. हे, ते, आणि ते थोडंसं. पलीकडची बाई ताटलीत भात घालते, त्यावर दाखवलेल्या भाज्या वाढते, कडेला साम्बाल, म्हणजे मिरचीचं वाटण, ठेवते. भाषा येत नसली तरी काही अडत नाही. जेवण झाल्यावर काय काय घेतलं ते सांगायचं, बाई मनातल्या मनात बेरीज करते आणि आकडा सांगते. भात, दोन भाज्या आणि टेंपे किंवा अंडं एवढ्याचे साधारण १५ ते २० हजार रुपिया होतात. आकडा ऐकून छाती दडपायला नको. अलीकडच्या दराने आपल्या एका रुपयाला १८० ते १९० रुपिया येतात, म्हणजे हे जेवण ८० ते ११० रुपयांत आटोपतं. बिनसाखरेचा कोरा चहा बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र दरात मिळतो. मॉलमधल्या किंवा हॉटेलातल्या जेवणावर १० टक्के कर आणि वर सेवा आकार लागतो. वारुंगमध्ये सांगितलेला आकडा हाच शेवटचा.

एवढ्या स्वस्तात हे परवडतं कसं? याचं एक उत्तर कुटुंबाच्या व्यवस्थेत आहे. अनेक वार्तेग दोन नातेवाईक कुटुंबं पाळीपाळीने चालवतात. एक कुटुंब तीन-चार महिने शहरात राहून खाणावळ सांभाळतं, तोवर दुसरं गावी शेती आणि मुलांचं पाहतं. मग अदलाबदल. पगारी माणसं कमी, राहायचं खाणावळीच्याच माडीवर किंवा मागच्या खोलीत, बाजारहाट पहाटेच्या घाऊक मंडईत. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या वसाहतीतल्या माणसाला यातली आणखी एक सोय लगेच कळेल. पुष्कळ वार्तेग रात्रभर उघडे असतात, म्हणून पहारेकरी, रिक्षावाला, रुग्णालयातला कामगार कुठल्याही वेळी गरम भातावर बसू शकतो.

या खाणावळींवाचून शहराचं किती अडतं, ते करोनाच्या काळात दिसलं. जुलै २०२१ मध्ये डेल्टाची लाट जोरात असताना सरकारने निर्बंध थोडे सैल केले, तेव्हा वारुंगमध्ये बसून जेवायला परवानगी दिली, पण प्रत्येकाला जास्तीत जास्त २० मिनिटं. त्यावर देशभर चर्चा झाली, थट्टाही झाली. तरी मोठ्या उपाहारगृहांत बसून जेवायला बंदी असताना छोट्या खाणावळीचं दार किलकिलं करावंच लागलं. खोलीवर स्वयंपाकघर नसलेल्या लाखो माणसांचं रोजचं जेवण तिथंच होतं.

पाडांगची खाणावळ याच्या शेजारीच असते, पण तिचं घराणं निराळं. ती पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांची. हा समाज कट्टर मुस्लिम, तरीही मातृवंशीय. घर आणि शेत आईकडून लेकीकडे जातं, आणि तरुण मुलाने नशीब काढायला परमुलखात जावं अशी जुनी चाल आहे. परमुलखात गेलेल्या या मुलांनी सोबत स्वयंपाक नेला. म्हणून आज इंडोनेशियाच्या कुठल्याही गावात, शिंगांसारखी टोकं उंचावलेल्या छपराचं चित्र पाटीवर असलेली पाडांगची खाणावळ सापडते. दर्शनी काचेत बशांचे मनोरे रचलेले असतात, ते पाहूनच आत काय काय शिजलंय याचा अंदाज येतो.

या खाणावळीचा मानाचा पदार्थ म्हणजे रेंदांग. नारळाच्या दुधात गलंगल, गवती चहा, हळदीचं पान, मिरची आणि मांस घालून तासन् तास मंद आचेवर ढवळत राहायचं. दूध आटतं, तेल सुटतं, आणि शेवटी त्याच तेलात मांस काळपट तपकिरी होईपर्यंत परततं. पाणी उडून गेल्यामुळे ते दिवसचे दिवस टिकतं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची ती शिदोरीच. २०११ मध्ये सीएनएनच्या वाचकांनी जगातल्या सर्वात रुचकर पदार्थांसाठी मतं दिली, तेव्हा रेंदांग पहिलं आलं. मराठी पाहुण्याने एक लक्षात ठेवावं, ते बहुतेक वेळा गोमांसाचं असतं.

म्हणून चार शब्द पाठ असलेले बरे. ‘सापी’ म्हणजे गाय, ‘बाबी’ म्हणजे डुक्कर, ‘आयाम’ कोंबडी, ‘इकान’ मासा, ‘उदांग’ कोळंबी, ‘तेलुर’ अंडं. बाबी देशाच्या बहुतेक भागात दिसणार नाही, बालीत मात्र ठिकठिकाणी दिसेल. शाकाहाऱ्याची खरी फसगत मांसाने होत नाही, ती ‘तेरासी’ने होते. कोळंबी आंबवून, वाटून, वाळवून केलेली ही वडी चिमूटभर साम्बालमध्ये, पालेभाजीत, कधी शेंगदाण्याच्या वाटणातही पडते आणि डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा भाजीवर बोट ठेवण्याआधी ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, असं विचारून घ्यावं. ‘तान्पा दागिंग’ म्हणजे मांसाशिवाय. सोबत मिळणारा ‘केरुपुक’ हा फुललेला पापडही कित्येकदा कोळंबीचा असतो, तर मेलिंजोच्या बियांपासून केलेला कडवट ‘एम्पिंग’ निखळ शाकाहारी. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र इथं खरोखर अडचण होते. त्यांना भात, फळं आणि तळलेली केळी यांवर भागवावं लागेल.

बाकी शाकाहाऱ्यांसाठी गाडो-गाडो आहे, आणि तो गाडीवरच पाहावा. बाईच्या पुढ्यात ‘चोबेक’, म्हणजे काळ्या ज्वालामुखी दगडाची पसरट, उथळ पाटी. बत्त्याला मूठ अशी की तो आडवा धरून रगडता यावा. आधी मीठ, लसूण आणि मिरच्या. किती मिरच्या, ते ती गिऱ्हाइकाला विचारते. एक, तीन, पाच. मग तळलेले शेंगदाणे मूठभर, ताडाचा काळा गूळ, चिंचेचं पाणी. मनगटाच्या दोन-चार वळशांत दाण्यांचं तेल सुटतं आणि वाटण चकाकू लागतं. त्यातच ती वाफवलेली चवळीची शेंग, कोबी, पालेभाजी, मोड आलेले मूग, उकडलेला बटाटा, तळलेला टोफू आणि टेंपे घालते, सगळं उलट-सुलट करून वाटणात माखते, वरून तळलेला कांदा भुरभुरते. पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा मिरचीपासून सुरुवात. भाताऐवजी ‘लोन्तोंग’ मिळतो. केळीच्या पानात घट्ट गुंडाळून तासन् तास उकडलेल्या भाताची ही वळकटी, चकत्या कापून वाढतात.

पाट्यावर ठेचा रगडणाऱ्या खानदेशी बाईला यातली एकही हालचाल नवी वाटणार नाही. दाण्याचं कूट आमटीत, ठेच्यात, भाजीत घालणं आपल्या हाडीमाशी खिळलेलं आहे. शेंगदाणा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गेल्या पाचेकशे वर्षांत आशियात आली. जावाच्या बायकांनी दाण्याला गुळाची आणि चिंचेची जोड देऊन भाज्यांवर घातलं, खानदेशाने लसूण आणि काळा मसाला घालून त्याचा रस्सा केला. हाच गाडो-गाडो इंडोनेशियाच्या प्रांताप्रांतात नाव बदलतो. पूर्व जावात मादियुनकडे कचोरासारखा वास असलेलं ‘केंचुर’ घालून तो ‘पेचेल’ होतो, पश्चिमेला सुंदा भागात भाज्या कच्च्याच घेऊन ‘कारेदोक’.

आता टेंपे. स्वस्त खाणावळीच्या ताटातला हा खरा आधार, आणि मराठी वाचकाने सर्वात जास्त लक्ष द्यावं अशी गोष्टही हीच. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, चोळून सालं काढायची, शिजवायचं, निथळून कोरडं आणि कोमट होऊ द्यायचं. मग त्यावर रायझोपस नावाच्या बुरशीचं विरजण चोळायचं आणि केळीच्या पानात, किंवा आता भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, बांधून ठेवायचं. तीस अंशांच्या आसपास ऊब मिळाली की दीड-दोन दिवसांत बुरशीचे पांढरे धागे दाण्यादाण्यांतून फिरतात आणि सगळ्याची एक घट्ट वडी बांधली जाते. पुडी सोडली की आत पांढरीशुभ्र, मखमली वडी आणि ताज्या अळंबीचा वास. सुरीने कापली तर दाणा सुटत नाही. बुरशी दाण्यातली प्रथिनं आधीच थोडी फोडते, त्यामुळे सोयाबीन जड पडणाऱ्यालाही टेंपे पचतं. १०० ग्रॅम टेंपेत १९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.

वार्तेगमध्ये ते ‘ओरेक’ करून मिळतं, म्हणजे बारीक काप तळून, मिरची आणि ‘केचाप मानिस’ या गोड सोया सॉसमध्ये परतलेलं. मध्य जावातल्या बान्युमास भागात त्याचं ‘मेंदोआन’ करतात. पातळ चकत्या कांद्याची पात घातलेल्या पिठात बुडवून अर्धवट तळायच्या, मऊ असतानाच काढायच्या आणि कच्च्या हिरव्या मिरचीचा चावा घेत खायच्या. भजी-मिरचीवर वाढलेल्या माणसाला याचं वेगळं शिक्षण लागत नाही.

गमतीची नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की टेंपेच्या या मायदेशाला लागणारं बहुतेक सोयाबीन बाहेरून येतं, मुख्यतः अमेरिकेतून. जगाच्या बाजारात भाव चढला की जकार्तातल्या मजुराच्या ताटातली टेंपेची चकती पातळ होते. २००८ च्या जानेवारीत टेंपे करणारे कारागीर याच कारणाने रस्त्यावर उतरले. २०२१ आणि २०२२ मध्ये त्यांनी काही दिवस उत्पादनच बंद ठेवलं. इकडे महाराष्ट्र मध्य प्रदेशाच्या बरोबरीने देशातलं आघाडीचं सोयाबीन राज्य आहे, खानदेशातही त्याचा पेरा आहे. पण आपलं सोयाबीन तेलाच्या घाण्याला जातं आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला. माणसाच्या ताटात ते सोया वडीपलीकडे फारसं येत नाही. ज्या तालुक्यांत डाळीचे भाव परवडेनासे होतात, तिथं शेतात पिकणारं प्रथिन असं दाराशेजारून निघून जावं, ही खंत वाटण्यासारखी बाब आहे. टेंपेला महागडं यंत्र लागत नाही. विरजण, स्वच्छता आणि ऊब एवढंच लागतं, आणि ऊब तर भुसावळ परिसराला उसनी आणावी लागत नाही. इथला मे महिना पंचेचाळीस अंशांवर जातो आणि तेव्हा बुरशीच मरेल, म्हणून उन्हाळ्यात सावलीची गार जागा पाहावी लागेल. पावसाळा आणि दिवाळीच्या आधीचे दिवस त्याला मानवतील. महिला बचत गट पापड-कुरडया करतात, त्याच शिस्तीत हे बसू शकतं.

केळीचं नातं तर त्याहून जुनं. खाण्याच्या केळीचे रानटी पूर्वज आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या जंगलांतले. माणसाने त्यांतल्या बिनबियांच्या जाती निवडून लावल्या आणि त्या चहूकडे पसरल्या. रावेर-यावलच्या मळ्यांत आज ग्रँड नैन ही एकच जात प्रामुख्याने दिसते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वर्षी इथल्या भरिताच्या वांग्यालाही. इंडोनेशियाच्या बाजारात मात्र शेजारीशेजारी कितीतरी जाती टांगलेल्या असतात. कापून खायची राजा, तळायची आणि उकडायची केपोक, हातभर लांब तांदुक. संध्याकाळी गाडीवर ‘पिसांग गोरेंग’ तळतात, तांदळाच्या पिठाचं कुरकुरीत आवरण असलेली केळी. केपोक पिठूळ आणि घट्ट असते, म्हणून तळताना फुटत नाही. जळगावचं पिकलेलं केळं तेलात पाणी सोडेल. हा पदार्थ इथं करायचा तर साल पिवळी पडायला लागली आहे, पण देठ अजून हिरवं आहे, असं केळं घ्यावं.

पानाचा वापरही तितकाच बारकाईने होतो. भात बांधायला, मासा भाजायला, मिठाई वाफवायला, टेंपे आंबवायला केळीचंच पान. योग्याकार्तात रात्री ‘आंगक्रिंगान’ नावाच्या गाड्या लागतात. तिथं पानात आणि कागदात बांधलेली मूठभर भाताची पुडी मिळते, आत चमचाभर साम्बाल आणि टेंपे किंवा सुक्या मासळीचा तुकडा. दोन-तीन पुड्या खाल्ल्या की विद्यार्थ्याचं रात्रीचं जेवण होतं. तुगू रेल्वे स्थानकाजवळ याच गाड्यांवर उकळत्या कॉफीत लालभडक पेटता लोणारी कोळसा टाकून देतात. तो चुर्रर्र आवाज करत विझतो आणि मग कॉफी प्यायची.

ही चव चाखायला प्रत्येकाने जावालाच जायला हवं असं नाही. नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ती कोपऱ्यावरच्या ‘टोको’त भेटते. डिसेंबर १९४९ मध्ये डचांनी इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मान्य केलं, त्या सुमारास आणि पुढची काही वर्षं सुमारे तीन लाख माणसं तिकडून नेदरलँड्सला आली आणि त्यांच्यासोबत हा स्वयंपाक. टोको म्हणजे किराणा दुकान आणि खाणावळ एकत्र. काचेमागचे पदार्थ दाखवायचे, डब्यात भरून घ्यायचे. महाराष्ट्रात मात्र अशी स्वस्त खाणावळ अजून रुजलेली नाही. पुण्यात कोरेगाव पार्कमधलं मलाका स्पाइस १९९७ पासून आग्नेय आशियाई पदार्थ देतं, त्यात इंडोनेशियन पदार्थही असतात, पण ते बेत आखून जाण्याचं ठिकाण. गाडीवरचा गाडो-गाडो तिथं शोधू नये.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. वार्तेगमधले पदार्थ सकाळी शिजतात आणि दिवसभर काचेत राहतात, तेव्हा दहा ते एकच्या दरम्यान गेलं तर सगळं ताजं आणि भरपूर मिळतं. जिथं कामगारांची गर्दी, तिथं भांडी लवकर रिकामी होतात, तेच ठिकाण निवडावं. पाणी बाटलीतलं प्यावं. खिशात सुटे पैसे ठेवावेत, कारण क्यूआर कोड सगळीकडे असले तरी ते मुख्यतः तिथल्या खात्यांसाठी सोयीचे. जेवण उजव्या हाताने. पाडांगमध्ये टेबलावर लिंबाची फोड टाकलेली पाण्याची वाटी येते, ती हात धुवायची असते, प्यायची नाही. बांधून घेतलं तर भात जरा जास्तच मिळतो, हा पाडांगचा सर्वमान्य रिवाज आहे.

पहिल्या दिवशी काय घ्यावं? वार्तेगमध्ये भात, ओरेक टेंपे, सायुर लोदेह आणि साम्बाल अगदी कडेला, बोटाच्या टोकाएवढा. तो सोसला तर दुसऱ्या दिवशी पाडांगची हिरवी मिरची. आणि घरीच करून पाहायचं असेल, तर गाडो-गाडोपासून सुरुवात सोपी. वाटीभर दाणे तळून, त्यात दोन लाल मिरच्या, लसणाची एक पाकळी, लिंबाएवढा गूळ, चिंचेचा कोळ आणि मीठ घालून पाट्यावर वाटावं, आमटीपेक्षा दाट ठेवावं आणि वाफवलेल्या भाज्यांवर गरम असतानाच घालावं. टेंपे नसलं तर पनीर चालेल. वरून तळलेला कांदा, आणि केरुपुकच्या जागी घरची कुरडई.